फ्लॉरेन्स पाहताना क्रम चुकू नये म्हणून

फ्लॉरेन्सचा जुना भाग नकाशावर इतका आटोपशीर दिसतो की त्यासाठी वेगळी तयारी लागेल असे कोणालाच वाटत नाही. स्टेशनपासून कॅथेड्रलपर्यंत चालत दहा-बारा मिनिटे लागतात आणि तिथून आर्नो नदीवरचा पोन्ते व्हेक्यो पूल आणखी दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे रोमहून सकाळच्या गाडीने यायचे आणि दिवसभरात शहर उरकून रात्री परतायचे, असा बेत सर्रास आखला जातो. परतल्यावर ऐकू येणाऱ्या तक्रारीही ठरावीक असतात: आम्ही पोहोचलो तेव्हा संग्रहालय बंद होते, कॅथेड्रलच्या घुमटाची तिकिटे तीन आठवड्यांपूर्वीच संपली होती, रांगेतच दोन तास गेले, डेव्हिडचा प्रसिद्ध पुतळा म्हणून ज्याच्यासमोर फोटो काढले तो खरा नव्हताच. या प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्याची चूक असते आणि ती घरी बसून टाळता येते. म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करावेत.

## टप्पा १: तारखेच्या आधी वार ठरवा

उफ्फिझी चित्रसंग्रहालय, मायकेलँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया संग्रहालय आणि नदीपलीकडचा पित्ती राजवाडा ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. कॅथेड्रल, म्हणजे दुओमो, रविवारी फक्त प्रार्थनेसाठी उघडे असते आणि पर्यटकांना आत सोडत नाहीत. सांता क्रोचे आणि सांता मारिया नोव्हेल्ला ही दोन मोठी चर्चेस रविवारी दुपारनंतरच दर्शकांसाठी उघडतात. नगरपालिकेचा जुना राजवाडा, पलाझ्झो व्हेक्यो, गुरुवारी दुपारीच बंद होतो. याचा अर्थ असा की रविवार-सोमवार ही जोडी घेऊन आलेल्या माणसाला पैसे आणि पाय दोन्ही खर्चूनही निम्मे शहर बंद दाराबाहेरून पाहावे लागते. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही नेमके रविवारी दुपारी पोहोचलो होतो आणि मंगळवारी पहाटे निघालो होतो, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो आहे.

मुक्कामाचे किमान तीन पूर्ण दिवस धरावेत आणि त्यांत मंगळवार ते शनिवारमधले दोन तरी असावेत. सोमवार वाट्याला आलाच, तर तो घुमट, घंटामिनार आणि शेवटच्या टप्प्यात सांगितलेल्या नदीकाठासाठी ठेवावा, कारण या गोष्टी सोमवारी पाहता येतात.

ऋतूचा विचारही इथेच करावा. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपली बहुतेक कुटुंबे मे महिन्यात निघतात आणि तिथे तेव्हा वर्षातली सर्वांत मोठी गर्दी सुरू झालेली असते. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरमध्ये येत असेल, तर ती निःसंकोच निवडावी. पाऊस लागू शकतो, पण रांगा लहान असतात. जुलै-ऑगस्टचा उकाडा दगडी रस्त्यांवर फार जाणवतो आणि १५ ऑगस्टच्या आसपास अनेक छोटी दुकाने व खानावळी मालकांच्या सुट्टीमुळे बंद असतात. २४ जून हा शहराच्या रक्षक संताचा, सान जोव्हान्नीचा दिवस. त्या रात्रीचे शोभेचे दारूकाम पाहण्यासारखे असते, पण दिवसा काही ठिकाणच्या वेळा बदललेल्या असतात.

सावधान: महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो. हे वाचून अनेक जण मुद्दाम तो दिवस धरतात. त्या दिवशी आगाऊ वेळ राखून ठेवता येत नाही आणि रांग प्रचंड असते. तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाने वाचवलेल्या पंचवीस युरोंपेक्षा गमावलेली सकाळ महाग पडते.

## टप्पा २: व्हिसा, आणि त्यासाठीची आरक्षणे

भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांसाठी एकत्र चालणारा, व्हिसा लागतो. एकाच सहलीत दोन-तीन देश असतील, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो आणि दिवस समसमान असतील तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. "ज्याची अपॉइंटमेंट लवकर मिळाली तिथे अर्ज केला" हे कारण चालत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणेच अवघड होते, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध राहणारे पारपत्र सक्तीचे आहे.

हॉटेलचे आरक्षण व्हिसासाठी दाखवावे लागते आणि वेळेची तिकिटे मात्र व्हिसा हाती येईपर्यंत काढण्याची भीती वाटते. यातून निघण्याचा मार्ग सोपा आहे. हॉटेल विनाशुल्क रद्द करता येईल असेच घ्यावे आणि संग्रहालयांची तिकिटे व्हिसाचा शिक्का पाहिल्यावर त्याच दिवशी, शक्यतो त्याच बैठकीत काढावीत. विमान, रेल्वे आणि हॉटेल यांची घाई करून संग्रहालये "तिथे गेल्यावर बघू" म्हणून ठेवणे ही नेमकी उलटी रीत आहे.

## टप्पा ३: वेळेची तिकिटे कोणत्या क्रमाने काढावीत

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

पहिले तिकीट घुमटाचे. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढण्यासाठी ठरावीक दिवसाची आणि ठरावीक वेळेची नोंदणी सक्तीची आहे, जागा मोजक्या असतात आणि त्या सगळ्यांत आधी संपतात. हे तिकीट "ब्रुनेलेस्की पास" या नावाने, सुमारे ३० युरोंना मिळते. त्यातच घंटामिनार, बाप्तिस्मागृह, कॅथेड्रलचे संग्रहालय आणि जमिनीखालच्या जुन्या चर्चचे अवशेष येतात. पास तीन दिवस चालतो आणि प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येते. "जोत्तो पास"मध्ये घुमट नसतो, घंटामिनार असतो. "गिबेर्ती पास"मध्ये दोन्ही नसतात. स्वस्त पाहून गिबेर्ती पास घेणारी आणि मग घुमटाच्या दाराशी वाद घालणारी मंडळी रोज दिसतात. घुमटाची वेळ एकदा निवडली की बदलत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

दुसरे उफ्फिझीचे. तिकीट साधारण २५ युरो आणि आगाऊ नोंदणीचे ४ युरो वेगळे. हे ४ युरो वाचवू नयेत. उघडल्या उघडल्याची, म्हणजे सकाळी सव्वाआठची वेळ मिळाली तर ती घ्यावी. नाहीतर दुपारी चारच्या सुमाराची घ्यावी. सकाळी दहा ते दुपारी दोन हा काळ मार्गदर्शकांमागे चालणाऱ्या मोठ्या गटांचा असतो.

तिसरे अकादेमियाचे. इथे एक-दीड तास पुरतो, म्हणून ते उफ्फिझीच्या दिवशी न घालता दुसऱ्या सकाळी घालावे.

या तिन्हींनंतरच, मधल्या रिकाम्या वेळा पाहून, बाकीची ठिकाणे बसवावीत. मसाच्च्योची भित्तिचित्रे असलेल्या ब्रांकाच्ची चॅपेलसाठीही आधी वेळ घ्यावी लागते, हे विसरू नये. उफ्फिझीपासून पुलावरून नदीपलीकडे जाणारा वसारीचा झाकलेला मार्ग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडला आहे. त्याचे तिकीट उफ्फिझीला जोडूनच मिळते आणि चालणे एकाच दिशेने, उफ्फिझीकडून बोबोली बागेकडे असते. तो पाहायचा असेल, तर आधी साधे उफ्फिझी तिकीट काढून बसू नये.

अठरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, सरकारी संग्रहालयांत तिकीट पडत नाही. परंतु त्यांच्याही नावाने वेळ राखावी लागते आणि वय दाखवण्यासाठी पारपत्र जवळ असावे लागते. घुमट आणि कॅथेड्रलचा परिसर सरकारी संग्रहालयांत मोडत नाही, त्यामुळे तिथले सवलतीचे नियम वेगळे आहेत.

८५ युरोंचे ७२ तासांचे फिरेंझेकार्ड घ्यावे का, असे नेहमी विचारले जाते. माझे मत असे आहे की दिवसाला तीन-चार संग्रहालये पाहण्याचा उत्साह असणाऱ्यालाच ते परवडते. शिवाय त्यात घुमटाची चढाई नाही आणि उफ्फिझी व अकादेमियाची वेळ वेगळी राखावीच लागते.

खात्री करा: तिकिटे अधिकृत संकेतस्थळांवरूनच काढली आहेत ना? उफ्फिझीचे अधिकृत स्थळ "उफ्फिझी डॉट आयटी" आणि कॅथेड्रलचे "दुओमो डॉट फिरेंझे डॉट आयटी" आहे. शोध घेतल्यावर सर्वांत वर दिसणारी जाहिरातीची स्थळे तेच तिकीट दुप्पट दराने विकतात, आणि तिथे "रांग टाळा" असे लिहिलेले असले तरी सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच टळत नाही. तिकिटावरचे नाव पारपत्राप्रमाणे आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

## टप्पा ४: शहरात पोहोचणे

तिथल्या पाट्यांवर आणि तिकिटांवर शहराचे नाव "फिरेंझे" असे असते. मुख्य स्टेशनचे नाव फिरेंझे सांता मारिया नोव्हेल्ला, पाटीवर एस.एम.एन. असे लिहितात. काही गाड्या काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदी या दुसऱ्या स्टेशनांवर थांबतात, म्हणून तिकीट काढताना स्टेशनचे पूर्ण नाव वाचावे. जलद गाडीने रोमहून सुमारे दीड तास, मिलानहून दोन तास आणि व्हेनिसहून दोन तासांपेक्षा थोडे अधिक लागतात. जलद गाडीचे तिकीट आधी काढल्यास बरेच स्वस्त मिळते. पिसा, लुक्का वगैरे जवळच्या गावांना जाणाऱ्या प्रादेशिक गाडीचे भाडे ठरलेले असते, त्यामुळे ते तिकीट आधी काढून काही लाभ नाही.

प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट मात्र चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा ठसा उमटवावा लागतो. तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागण्याचे हे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाचेही प्रवासाआधी चेक-इन करावे लागते.

फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून टी२ ही ट्राम थेट स्टेशनजवळ आणते. तिकीट १.७० युरो, नव्वद मिनिटे चालणारे. पिसाच्या विमानतळावर उतरणाऱ्यांनी तिथल्या स्वयंचलित गाडीने पिसा सेंत्राले स्टेशन गाठावे आणि तिथून साधारण तासाभराची रेल्वे पकडावी.

सावधान, संप: सूचनाफलकावर "शोपेरो" हा शब्द दिसला की त्या दिवशी वाहतुकीचा संप आहे असे समजावे. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही चालवल्या जातात. परतीचे विमान त्या दिवशी असेल, तर या वेळेतलीच गाडी धरावी.

सावधान, गाडी: भाड्याची मोटार घेऊन जुन्या शहरात शिरू नये. तो सगळा भाग मर्यादित वाहतुकीचा आहे, पाट्यांवर "झेड.टी.एल." अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक वेशीवर कॅमेरे बसवलेले आहेत. कोणी अडवत नाही, म्हणून चूक कळतही नाही. नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि त्यावर गाडी भाड्याने देणाऱ्याचे शुल्क वेगळे. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाला हॉटेल शोधताना एकाच संध्याकाळी दोनदा वेस ओलांडल्याचे दोन दंड आले. तस्कानीची खेडी पाहण्यासाठी मोटार हवीच असेल, तर फ्लॉरेन्स पाहून झाल्यावर शहराबाहेरून घ्यावी. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही लागतो.

## टप्पा ५: पत्ता नीट वाचा

ही बारीक गोष्ट आहे, पण तिने अनेकांना रात्री सामानासह रस्त्यावर फिरवले आहे. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका असतात. दुकाने, खानावळी अशा व्यवसायांचे क्रमांक लाल असतात, राहत्या घरांचे काळे किंवा निळे. दोन्ही आपापल्या क्रमाने चालतात, त्यामुळे लाल ३८ आणि काळा ३८ यांच्यात शंभर-दोनशे पावलांचे अंतर सहज असू शकते. पत्ता लिहिताना लाल क्रमांकापुढे "आर" हे रोमन अक्षर लावतात. भाड्याने घेतलेले घर बहुधा काळ्या क्रमांकाचे आणि ज्या खानावळीत जेवायला जायचे ती लाल क्रमांकाची, हे एकदा डोक्यात बसले की शोधाशोध थांबते.

मुक्काम नदीच्या अलीकडे, स्टेशन आणि सांता क्रोचे यांच्या दरम्यान असावा, म्हणजे दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता येते. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणे नेहमीचे आहे. वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर कितवा मजला आणि लिफ्ट आहे का, हे दोन्ही लेखी विचारून घ्यावे. हॉटेलच्या बिलाव्यतिरिक्त दर माणशी दर रात्रीचा पर्यटन कर मुक्कामाच्या ठिकाणी भरावा लागतो.

## टप्पा ६: घुमट

घुमटाच्या आतल्या जिन्याला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. घंटामिनाराला ४१४, तिथेही लिफ्ट नाही. दोन्ही एकाच दिवशी चढू नयेत.

१. पिशव्या आणि पाठीवरची सॅक आधी सामानघरात ठेवाव्यात. यासाठी नेमलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी चौकात असावे.

२. घुमटाची वाट कॅथेड्रलच्या पुढच्या मोठ्या दारातून नाही. ती उत्तरेच्या बाजूने, पोर्ता देल्ला मांदोर्ला या दारातून आहे. पुढच्या दाराशी दिसणारी लांबलचक रांग कॅथेड्रलच्या विनामूल्य प्रवेशाची असते. त्या रांगेत उभे राहून घुमटाची वेळ चुकवणारे दर आठवड्याला सापडतील.

३. चढ तीन भागांत आहे. आधी गोल दगडी जिना, त्यात श्वास लागतो. मग घुमटाच्या आतल्या बाजूची अरुंद फेरी येते, जिथे वसारी आणि झुक्कारी यांनी १५७२ ते १५७९ या काळात रंगवलेला अंतिम न्यायाचा देखावा हाताच्या अंतरावर येतो. खालून जे चेहरे बोटाएवढे दिसतात ते इथे माणसापेक्षा मोठे असतात आणि कुंचल्याचे फटकारे वेगवेगळे ओळखता येतात. फेरीत थांबू देत नाहीत, म्हणून फोटोच्या आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे. त्यानंतर शेवटचा भाग घुमटाच्या दोन कवचांच्या मधून जातो. इथे बाहेरची भिंत डोक्यावर कलत येते, पायऱ्या उंच होतात, उतरणाऱ्यांना वाट देण्यासाठी कोनाड्यात अंग चोरून उभे राहावे लागते.

सावधान: हृदयविकार, दमा, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असणाऱ्याने हा चढ घेऊ नये. एकदा आत शिरल्यावर मधूनच परत फिरणे कठीण आहे. अशा व्यक्तीसाठी चौकामागचे कॅथेड्रलचे संग्रहालय हा कमी प्रतीचा पर्याय मुळीच नाही. तिथे लिफ्ट आहे, गच्चीवरून घुमट अगदी समोर दिसतो आणि बाप्तिस्मागृहाची गिबेर्तीने घडवलेली मूळ सोनेरी दारे, दोनातेल्लोची लाकडात कोरलेली माग्दालेना आणि मायकेलँजेलोने म्हातारपणी घडवायला घेतलेला पिएता, म्हणजे मृत येशूला सावरून धरल्याचे शिल्प, तिथेच आहे. चौकात बाप्तिस्मागृहाला लावलेली सोनेरी दारे ही प्रतिकृती आहे. हे संग्रहालय महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंद असते.

कॅथेड्रलमध्ये आणि इतर चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. उन्हाळ्यात बॅगेत एक ओढणी किंवा पंचा ठेवला की प्रश्न मिटतो. बाप्तिस्मागृहाच्या छतावरील मोझाइकच्या दुरुस्तीचे काम २०२३ पासून सुरू आहे, त्यामुळे आत मचाण दिसल्यास आश्चर्य वाटू देऊ नये.

## टप्पा ७: उफ्फिझी आणि अकादेमिया

उफ्फिझीला दारे अनेक आहेत. आगाऊ वेळ राखलेल्यांचे पहिले दार, तिथेच तिकीट घेणाऱ्यांचे दुसरे. हाती पक्के तिकीट नसून केवळ नोंदणीची पावती असेल, तर आधी समोरच्या बाजूच्या तिसऱ्या दारी जाऊन तिकीट घ्यावे लागते. पहिल्या दाराच्या रांगेत पंधरा मिनिटे उभे राहून पावती पुढे करायची आणि परत फिरायचे, ही नेहमीची फसगत आहे. अर्ध्या लिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटली आत नेता येत नाही.

दर्शन दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते आणि मार्ग एकाच दिशेचा आहे. इथली मोठी चूक शक्तीच्या वाटपाची असते. लोक पहिल्या दालनांत प्रत्येक पाटी वाचतात आणि दोन तासांनी पहिल्या मजल्यावर काराव्हाज्जोपाशी पोहोचतात तेव्हा बाक शोधत असतात. घरीच दहा-बारा चित्रे निवडून ठेवावीत. माझी निवड अशी: सुरुवातीच्या दालनातले चिमाबुए, दूच्चो आणि जोत्तो यांचे सिंहासनावरील मेरीचे तीन भव्य फलक, बोत्तिचेल्लीची "वसंत" आणि "व्हीनसचा जन्म", लिओनार्दोची "घोषणा", मायकेलँजेलोचा गोल दोनी फलक, राफाएलची गोल्डफिंचसह मेरी, खालच्या मजल्यावर तित्सियानची उर्बिनोची व्हीनस, काराव्हाज्जोची मेदूसा आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची युदित.

पहिल्या तीन फलकांसमोर मात्र घाई करू नये. तिन्हींचा विषय एकच, पार्श्वभूमी सोन्याची, काळही जवळपासचा. चिमाबुएच्या मेरीच्या वस्त्रावर सोन्याच्या रेघांचे जाळे आहे. तिथून नजर जोत्तोच्या मेरीकडे वळवावी आणि तिचे गुडघे पाहावेत. वस्त्राखाली खरेखुरे गुडघे आहेत, त्यांवर बाळाचा भार पडला आहे आणि ती बाई सिंहासनावर बसली आहे, हे शरीराच्या वजनासह जाणवते. पुढच्या सगळ्या दालनांत काय पाहायचे, ते इथे पाच मिनिटांत डोळ्यांना कळते.

अकादेमियात लोक दारातून थेट टोकाला उभ्या असलेल्या डेव्हिडकडे धावतात. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना मायकेलँजेलोचे अपुरे "बंदी" आहेत: अर्धे शरीर दगडातून बाहेर आलेले, अर्धे आतच, पृष्ठभागावर छिन्नीच्या रेघा तशाच. ते आधी पाहावेत, मग ५.१७ मीटर उंचीच्या डेव्हिडभोवती पूर्ण फेरी मारावी. सिन्योरिया चौकातला डेव्हिड ही १९१० मध्ये बसवलेली प्रत आहे आणि पियाझ्झाले मिकेलांजेलो या टेकडीवरचा ब्राँझचा. खरा १८७३ पासून अकादेमियातच आहे.

खात्री करा: संग्रहालयाच्या दिवशी दुपारचे जेवण कधी घेणार? खानावळींची स्वयंपाकघरे साधारण साडेबारा ते अडीच आणि मग संध्याकाळी साडेसातनंतरच चालू असतात. सव्वातीनला बाहेर पडलेल्या माणसाला गरम जेवण मिळणे अवघड जाते.

## टप्पा ८: जेवण, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, पण विचारल्याशिवाय काही मागवू नये. पाव आणि टोमॅटोची "पाप्पा अल पोमोदोरो" आणि शिळा पाव, पांढरा घेवडा व काळपट पालेभाजीची "रिबोल्लिता" ही दोन्ही दिसायला शाकाहारी असतात, मात्र काही ठिकाणी मांसाचे पाणी वापरतात. "सेन्त्सा ब्रोदो?" म्हणजे मांसाच्या पाण्याशिवाय का, असे विचारावे. जेवणाआधी येणाऱ्या छोट्या पावांवर चटणीसारखा तपकिरी लेप असतो, तो कोंबडीच्या यकृताचा असतो. हातगाड्यांवर मिळणारे "लाम्प्रेदोत्तो" हे गाईच्या पोटाचे मांस आहे. पारंपरिक पार्मिज्यानो चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या पोटातले रेनेट वापरलेले असते, ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीज नको म्हणून आधीच सांगावे. तिथला पाव अळणी असतो. तो बिघडलेला नाही, तस्कानीत तो तसाच करतात.

बिलातील "कोपेर्तो" ही बैठकीची आकारणी आहे, फसवणूक नाही. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त आणि टेबलावर बसून महाग, हेही कायदेशीर आहे. चर्चच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नये, दंड होतो.

सावधान: गर्दीच्या रस्त्यांवर जमिनीवर चित्रे अंथरलेली असतात आणि चुकून पाय पडला की पैशांची मागणी होते, म्हणून वर घुमटाकडे पाहत चालू नये. बनावट ब्रँडच्या पर्स विकणाऱ्यांकडून खरेदी केल्यास इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड आहे.

## टप्पा ९: कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री

सहलींच्या कार्यक्रमात हे ठिकाण जवळजवळ कधीच नसते, म्हणून ते स्वतः जाऊन पाहावे लागते. इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचे वय अवघे वीस होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम जिथे होतो, तिथे त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. तिच्याखाली पगडी घातलेल्या महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. जवळच्या मोठ्या पुलाचे नावही "पोन्ते आल्लिंदियानो", म्हणजे भारतीयाचा पूल, असेच आहे.

१. स्टेशनजवळून टी१ ट्रामने काशिने थांब्यावर उतरावे.

२. तिथून काशिने उद्यानातून, नदी डाव्या हाताला ठेवून, पश्चिमेकडे चालत राहावे. उद्यान सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री अगदी शेवटच्या टोकाला आहे, त्यामुळे पाऊण तास धरावा. परतीचाही तेवढाच वेळ हिशेबात घ्यावा.

३. पाणी सोबत घ्यावे. मंगळवारी सकाळी उद्यानात आठवडी बाजार भरतो, म्हणून त्या दिवशी सुरुवातीच्या भागात गर्दी लागते. पुढे वाट मोकळी होते.

४. अंधार पडण्यापूर्वी ट्रामच्या थांब्यावर परतलेले असावे. रात्री हे उद्यान निर्जन असते आणि एकट्याने तिथे थांबणे बरे नाही.

सोमवारची सकाळ यासाठी उत्तम. छत्रीपासून पुढे काही पावलांवर दोन्ही नद्यांचे पाणी एकत्र येताना दिसते. फुले वाहायची असतील, तर ती शहरातूनच घेऊन निघावीत, कारण या टोकाला दुकान नाही.